पुरुषांच्या रकान्यातला तंबाखू

४ मार्च

मावशी,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणजे हिला काहीतरी हवंय, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. बरोबर आहे. सोबत आठ पानांची प्रश्नावली जोडली आहे. ती भरून हवी.

विद्यापीठात येऊन दीड वर्ष झालं आणि मी अजून अर्थशास्त्र शिकतेच आहे, संशोधन करत नाहीये. या दोन्हींत फरक असतो हे माझ्या मार्गदर्शक बाई दर भेटीत ऐकवतात. पहिल्यांदा मी त्यांच्याकडे 'कुटुंब आणि अर्थव्यवस्था' असा विषय घेऊन गेले. म्हणाल्या, "हा विषय नाही, हा कपाटाचा खण झाला. प्रश्न आण. ज्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकेल असा." किती वेळा परत पाठवलं ते विचारू नकोस. शेवटी एक प्रश्न टिकला. घरात येणाऱ्या पैशातला किती वाटा नवऱ्यावर खर्च होतो आणि किती बायकोवर?

सोपा वाटतो ना? पण विचारणार कुणाला? नवरा म्हणतो सगळं हिच्यावर, बायको म्हणते सगळं यांच्यावर. धान्य एकाच डब्यात, दिवा एकच. म्हणून संशोधक एक युक्ती करतात. काही वस्तू सरळसरळ एकाच्याच असतात. दाढीचं सामान आणि तंबाखू त्याचा, केसांच्या पिना तिच्या. त्यांवरून बाकीच्या वाट्याचा अंदाज बांधायचा. माझी भर एवढीच, की नवरा गेल्यानंतरची घरं मी पाहणार. माणूस गेल्यावर घर जे विकत घ्यायचं थांबतं, तो त्याचा वाटा.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. रागावणार नाहीस ना? पहिली चाचणी ओळखीच्या माणसावर करायची असते, म्हणजे प्रश्न कुठे अडतात ते कळतं. काकांना जाऊन तीन वर्षं झाली, म्हणून तुझी आठवण झाली. जो प्रश्न नकोसा वाटेल तो सोडून दे.

तुझी,
शेंडेफळ


१५ मार्च

शेंडेफळा,

रागावले नाही. तुझे काका गेल्यापासून लोक माझ्यासमोर त्यांचा विषयच काढत नाहीत. जणू मी विसरून गेलेय आणि यांनी आठवण करून दिली तर पंचाईत व्हायची. तू निदान थेट विचारलंस, तेही आठ पानं.

प्रश्नावली भरली आहे. 'कुटुंबप्रमुख कोण?' इथे मी 'मी' लिहिलं. लगेच खाली 'कुटुंबप्रमुखाचे घरातील इतर सदस्यांशी नाते'. घरात इतर कोणी नाही, तरी जागा मोकळी सोडवेना. 'चांगले होते' असं लिहून टाकलंय. तुझ्या बाईंना चालत नसेल तर खोड. 'गेल्या महिन्यात फुरसतीवर किती खर्च केला?' या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला फुरसत काढावी लागली.

थांबलेल्या गोष्टी खऱ्याच बऱ्याच निघाल्या. ब्लेड, बुटांचं पॉलिश, नकाशाच्या पेन्सिली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाले तरी ते घरी बसून नळांचे नकाशे काढायचे, तुला आठवत असेल. पेन्सिली मी अजून आणते असं लिहिलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण नाही आणत. खण भरून आहेत.

तुझ्यामुळे वाचनालयातून अर्थशास्त्राचं पुस्तक आणलं. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "खुनाच्या कादंबऱ्या संपल्या वाटतं?" म्हटलं, यातही कुणाचा तरी जीव जातो म्हणतात, बघू. पुस्तक बरं आहे, पण दर पानावर 'इतर परिस्थिती कायम राहिल्यास' असं बजावतं. माझ्या अख्ख्या संसारात इतर परिस्थिती एक आठवडासुद्धा कायम राहिली नाही. हे लिहिणाऱ्याकडे कधी पाहुणे आलेच नसणार.

मावशी


२ एप्रिल

मावशी,

मी काही विचारत नाहीये. फक्त एवढंच सांगायचंय, की पाचव्या पानावरची ती ओळ मी पाहिली.

ब्लेड थांबली, पॉलिश थांबलं, आणि तंबाखूचा पुडा मात्र महिन्याला एक, होता तस्सा. मला काकांचा पाइप आठवला. सगळे जेवून उठले की ते गॅलरीत जाऊन उभे राहायचे, पाइप नुसता हातात. कोटाला यायचा तो वास आठवला.

मग इतर बायकांच्या प्रश्नावल्या पाहिल्या. एकूण चौदा घरांत नवरा गेल्यावरही तंबाखू येतोय! पुस्तकाप्रमाणे हे व्हायलाच नको. मी बाईंना दाखवलं. बाई सहसा 'हं' यापलीकडे जात नाहीत. त्या दिवशी खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "हे लिही." मावशी, हाच माझा प्रबंध! लोक माणूस गेल्यावरही त्याच्यासाठी खरेदी करत राहतात. प्रकरणाचं नावही ठरलंय, 'आठवणींची मागणी'.

आईला सांगितलं तर तिला रडूच आवरेना. म्हणाली, "मागच्या वेळी गेले होते तेव्हा घरात तोच वास होता गं. मी काही बोलले नाही. जीव पिळवटला माझा."

तू किती शांतपणे सगळं करतेस. मला कधी कळलंच नाही.

तुझी,
शेंडेफळ


२० एप्रिल

शेंडेफळा,

तो तंबाखूचा आकडा खोड. माझा हात चुकला समज. शून्य लिही.

तुझ्या आईचा फोन आला होता. लहानपणापासूनचं आहे, ताई रडायला लागली की आधी मला शिस्त लावते. "जेवतेस ना? एकटी बसू नकोस. मन रमव." मग म्हणाली, "तुझ्यासारखी बायको मिळायला भाग्य लागतं. एवढ्या सिगारेटी न् पाइप फुंकून स्वतःचा जीव घालवला त्यांनी, तरी तू तो पुडा उशाशी घेऊन..." उशाशी कुठून आलं? मी विचारलं तर म्हणाली, "मला सगळं कळतं." आता हे तिने तिच्या दोन्ही नणंदांना सांगितलंय. खालच्या मजल्यावरची शिंपीण परवा जिन्यात मला वाट द्यायला भिंतीला चिकटून उभी राहिली. एरवी ती माझ्या कुंड्यांच्या पाण्यावरून भांडते. मला भांडण जास्त परवडतं.

पुस्तकात मी मागणीच्या वक्रापर्यंत पोचले. किंमत वाढली की मागणी घटते, हे सांगायला चार पानं. भाजीवालीने एका वाक्यात मला घरी पाठवलं असतं. पण पुढचं प्रकरण मात्र खरंच आवडलं. तुझ्या काकांना वाचून दाखवण्यासारखं होतं.

शून्य लिही. आणि झालेलं लिखाण पाठव, वाचते.

मावशी


११ मे

मावशी,

शून्य नाही लिहिता येत! मी बाईंना म्हटलं, एका बाईंना आपला आकडा काढून हवाय. बाई म्हणाल्या, "उत्तर पूर्ण मागे घेण्याचा हक्क तिला आहे. पण आहे त्या जागी शून्य भरायचं नाही. न आवडणारा आकडा खोडायचा नसतो, तो का आला ते विचारायचं असतं." पण मी तुला विचारत नाहीये, कारण का आला ते मला माहीत आहे. संकोच करू नकोस गं. नाव कुठेही येणार नाही.

लिखाण सोबत पाठवतेय. पहिला खर्डा बाईंनी परत केला होता. मी शेवटच्या पानावर निष्कर्ष उघड केला होता, अगदी वातावरण तयार करून. म्हणाल्या, "रहस्यकथा लिहू नकोस. काय सापडलं ते पहिल्या पानावर सांग. वाचणाऱ्याला घरी जायचं असतं." तुझ्याच कादंबऱ्या वाचून मी बिघडले.

सतरा जूनला सगळ्या विभागासमोर सादरीकरण आहे. पुढच्या दोन वर्षांची शिष्यवृत्ती त्यावर ठरणार. नाही मिळाली तर खोली सोडून आईकडे परत, आणि बँकेच्या परीक्षा. पण विभागप्रमुखांपर्यंत माझ्या प्रकरणाची चर्चा गेलीय म्हणे. आई येणार आहे ऐकायला. आत्तापासून साडी काढून ठेवलीय.

तुझी,
शेंडेफळ


१९ मे

शेंडेफळा,

दोनदा वाचलं. भाषा स्वच्छ आहे. पण 'प्रस्तुत अभ्यासाच्या मर्यादित परिप्रेक्ष्यात' हे पाच ठिकाणी आलंय, ते एकदा म्हटलेलं पुरे. चौथ्या पानावरचा आलेख मला कळला, म्हणजे तो बरा असणार. सहाव्या पानावर मात्र तू लिहिलंयस, 'सदर प्रतिसादक तंबाखूचे सेवन करीत नाही. ती केवळ त्याचा गंध जतन करते.'

सदर प्रतिसादक गंधबिंध काही जतन करीत नाही. सदर प्रतिसादक पाइप ओढते.

बसलीस? मग पुढचं ऐक. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यांच्या साहेबांनी निवृत्त होताना यांना पाइप दिला. यांनी एकदा ओढून पाहिला आणि अंथरूण धरलं. मी म्हटलं, वस्तू एवढी चांगली, वाया का घालवा. मला मानवला. तेव्हापासून भांडी आवरली की एक पाइप आणि एक पुस्तक, एवढी माझी चैन. हे समोर बसून नकाशे काढायचे आणि खिडकी उघडी ठेवायचे.

एकदा तुझी आई आली, नेहमीप्रमाणे बेल न वाजवता. पाइप खिडकीत धुमसत होता. हे उठले, पाइप तोंडात धरला, "या ताई" म्हणाले आणि जे खोकायला लागले ते तिने पाणी आणून देईपर्यंत. त्या दिवशी तिने त्यांना पहिलं व्याख्यान दिलं. त्यानंतर दर भेटीत एक. तू पाहिलंस ना, ते गॅलरीत पाइप हातात घेऊन उभे राहायचे? भरून, पेटवून ठेवायचे. मग आत येऊन म्हणायचे, "कपडे वाळलेत वाटतं." मी कपडे काढायला जायचे. आमच्याकडचे कपडे काढायला वेळ फार लागतो असं तुझी आजी म्हणायची.

सिगारेटी ताईने स्वतःच्या मनाने वाढवल्या. डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसं लहान मुलासारखी आहेत. मूत्रपिंडं गेली, त्याला कोण काय करणार. पण ताई दवाखान्यात खाटेशी उभी राहून म्हणाली, "कितीदा सांगितलं होतं हो, सोडा तो तंबाखू." ते म्हणाले, "चुकलंच, ताई." आणि तिची पाठ वळल्यावर मला डोळा मारला. दुसऱ्या दिवशी गेले.

मी तुला फसवलं नाही हं. तू तंबाखू 'पुरुषांचा खर्च' या रकान्यात छापला होतास. बायकांच्या रकान्यात पिना आणि पावडर. मी माझा पुडा लिहायचा कुठे?

ताईला कळता कामा नये. तिच्या बोलण्याला मी घाबरत नाही. पण हे गुपित आम्हा दोघांचं होतं. बाकी सगळं वाटून झालं. कपडे गेले, घड्याळ तुझ्या भावाकडे गेलं, हे एक अख्खं राहिलंय.

तुझं नुकसान होणार हे कळतंय मला. पत्रं वाटेत हरवतात कधीकधी. हे हरवलं असं तू ठरवलंस तर मी पुन्हा विचारणार नाही.

मावशी


४ जून

मावशी,

पत्र पोचलं. हरवायचा विचार दोन दिवस केला, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी वाचनालयात तो 'या ताई' आठवला आणि इतकी हसले की मला बाहेर काढलं.

तुझं नाव न घेता मी बाईंना एवढंच म्हटलं, "रकानाच चुकलाय." बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं आता संपलं. म्हणाल्या, "तुझा एकटीचा नाही. मीही वीस वर्षं तंबाखू त्याच रकान्यात घालतेय. जा, परत विचार." म्हणून त्या बाकीच्या तेरा घरी परत गेले. या वेळी एकच प्रश्न, 'हा घरात कोण वापरतं?' तो आधी विचारायला काय झालं होतं मला?

एकीचा भाडेकरू ओढतो. एक लोकरीच्या कपड्यांत घालते, कसर लागत नाही म्हणे. दोघींचे भाऊ. एकीने मला हाताला धरून आत नेलं आणि नवऱ्याचा डबा उघडून दाखवला. तिने खरंच वासासाठी ठेवलाय. तिच्यासमोर मला फार ओशाळल्यासारखं झालं. तिचं दुःख मी तुला चिकटवून मोकळी झाले होते. उरलेल्या आठ जणी, मावशी, स्वतः ओढतात. एक माजी मुख्याध्यापिका आहे! म्हणाली, "बस. इतकी वर्षं कुणी विचारलंच नाही." आणि मलाही देऊ केला.

'आठवणींची मागणी' गेलं केरात. पण आता जे हातात आलंय ते जास्त खरं आहे. तंबाखू नवऱ्याचा असं धरून आजवर जे वाटे काढले, ते सगळे पुन्हा तपासावे लागतील.

अडचण एकच आहे. सगळ्यांच्या उत्तरांनंतर प्रश्न बदलला तर समिती म्हणणार, हवं ते उत्तर येईपर्यंत विचारत राहिली. शंका कशी आली ते सांगावंच लागेल. म्हणजे तू. नाव नसेल, पण आई तिसऱ्या वाक्याला ओळखेल. तिला येऊ नकोस म्हटलं तर ती दोन तास आधी येईल.

तू नाही म्हणालीस तर मी एक शब्द बोलणार नाही. पुढच्या वर्षी दुसरा विषय घेऊन उभी राहीन, पुढचं वर्ष मिळालं तर. ठरवणं तुझ्याकडे.

तुझी,
शेंडेफळ


९ जून

शेंडेफळा,

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण यांना विचारत होते. ते गेल्यापासून त्यांच्या बाजूचं बोलणंही मलाच बोलावं लागतं, त्यामुळे वेळ लागतो. मी म्हटलं, आपल्या दोघांतलं आहे. ते म्हणाले, पोरीची दोन वर्षं आहेत. मी म्हटलं, ताई काय म्हणेल. त्यावर ते हसले. ते हसले की वाद मी हरलेच, हे आमचं ठरलेलं होतं.

सांग.

'सदर प्रतिसादक' मात्र काढून टाक. 'एक बाई' लिही. आणि फार नटवू नकोस. पाइप बायको ओढायची, नाव नवऱ्याचं व्हायचं, त्यांची काही हरकत नव्हती. ताईला दाराजवळची खुर्ची दे, म्हणजे उठून जायचं झालं तर लोकांचे पाय तुडवावे लागणार नाहीत.

मावशी


१९ जून

मावशी,

आई दाराजवळ बसली नाही. पहिल्या रांगेत, मधोमध.

तू म्हणालीस तसंच बोलले, साधं. 'एक बाई' म्हटल्यावर आईने पर्स उघडली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. 'गॅलरी' म्हटल्यावर पर्स बंद केली. त्यानंतर मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

विभागप्रमुखांनी विचारलं, "एका बाईच्या सांगण्यावरून तुम्ही रकाना मोडणार?" म्हटलं, "एका बाईवरून शंका घेतली, सर. रकाना बाकीच्यांनी मोडला." बाईंनी 'हं' केलं, पण ते चांगलं 'हं' होतं.

आणि मग आई उभी राहिली. "मला एक विचारायचंय. त्या गृहस्थांना त्यांच्या मेहुणीने जन्मभर जी बोलणी ऐकवली, ती तू कुणाच्या वाट्याला धरलीस?"

सगळे हसले. आई नाही हसली. मी म्हटलं, "ती अजून मोजता आलेली नाहीत." आई म्हणाली, "मग मोज," आणि खाली बसली. विभागप्रमुखांनी ते लिहून घेतलं!

दोन वर्षं मागितली होती, एक दिलंय. प्रश्नावली नव्याने करून दाखवली तर दुसरं. बाई म्हणाल्या, एक मिळतं तेव्हा समितीने नीट ऐकलेलं असतं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "पाइप उलटा धरायचे गं ते. मला तेव्हाच कळायला हवं होतं." आणि साडीची घडी घालता घालता, "एवढं चांगलं कुणी असू नये." तुझ्यावर रागावलीय. पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येतेय, बेल वाजवून येणार आहे म्हणे.

आणखी एक. नव्या प्रश्नावलीत मी रकाने काढून टाकलेत आणि शेवटी एक प्रश्न घातलाय, 'घरात कुणाला ठाऊक नाही असं तुम्ही स्वतःसाठी काही घेता का?' चाचणी आईवर केली. म्हणाली, "मी? काहीही नाही." ठणकावून. मी कागद गोळा करून उठले. तेवढ्यात म्हणाली, "दार लाव."

लावलं. पुढचं तुला सांगता येणार नाही, मावशी. उत्तर देणाऱ्याचं गुपित फोडायचं नाही, हा आमचा पहिला नियम. एवढंच सांगते, बाबांना आजवर संशय आलेला नाही.

तुझी,
शेंडेफळ


२५ जून

शेंडेफळा,

हे बरं आहे! माझं सगळ्या विभागासमोर मांडलंस आणि ताईच्या वेळेला नियम आठवला?

तुझं एक वर्ष पक्कं झालं, फार आनंद झाला. खालच्या शिंपिणीला सांगितलं. सगळंच सांगितलं. ती दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा वर आली आणि कुंड्यांच्या पाण्यावरून भांडली, जीव हलका झाला.

पण ताई काय घेते? नाव नको सांगूस. खायचं की लावायचं, एवढंच सांग. दुकानात मिळतं की मागवावं लागतं? महाग असतं का? अर्थशास्त्राच्या दृष्टीने विचारतेय.

ती परवा येतेय. तिच्यासमोर चेहरा सरळ ठेवायचाय आणि मला काहीच ठाऊक नाही. काल जेवता जेवता तीन अंदाज काढले. तीनही पटत नाहीत. हे असते तर चौथा त्यांनी काढला असता, आणि तोच बरोबर निघाला असता.

मावशी